हवाई वादकाचा संसार



आज मंडपात शिरताना एका गृहस्थांनी आम्हांस दाराशीच अडविले आणि बाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवून विचारले, "हवाई वादक म्हणजे विमानात बसून वाजवतो की काय?" त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे 'हवाई' म्हटले की विमानतळ आठवतो, दिवाळीतला बाण आठवतो, फार तर रिकामटेकड्या माणसाचे हवाई किल्ले आठवतात. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. हवाई हा पॅसिफिक महासागरातला एक बेटसमूह आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तो साडेतीन हजार किलोमीटरांहूनही दूर, चहूबाजूंनी पाण्यात एकटा पडलेला आहे. पण शाळेच्या नकाशावर नागपूरपासून एक आडवी रेघ पूर्वेकडे ओढीत गेलात, तर ती जवळजवळ होनोलुलू या त्यांच्या मुख्य शहरावर जाऊन टेकते. दोन्ही गावे एकवीस अंशांच्या आसपास. ऊन आपल्यासारखेच, फरक इतकाच की, त्यांच्या उन्हाला समुद्राचा वारा लागतो आणि आपल्या उन्हाला कापसाच्या रानातली धूळ.

या बेटावरच्या एका वादकाची, त्याच्या बायकोची आणि दोन मुलांची हकीकत आज सांगावयाची आहे. लोहाऱ्याला तिचे काय, असे आपण म्हणाल. गावाच्या नावातच लोखंड असलेल्या आपणांस ती सांगण्याला एक कारण आहे, कारण या हकीकतीचा आरंभही लोखंडाच्या एका तुकड्यापासून होतो. दुसरे कारण आमच्या घरातले आहे. ते शेवटी सांगू.

हवाईत गिटार मूळचे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३० च्या सुमारास, तिथल्या रानगुरांचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोकडचे गुराखी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर ते वाद्य आले. बेटावरच्या लोकांनी ते उचलले आणि आपल्या गळ्याप्रमाणे त्याच्या तारा जुळवून घेतल्या. आपल्याकडे पेटी आली, व्हायोलिन आले आणि आपण त्यांना मांडी घालून खाली बसविले, तसाच हा प्रकार.

पुढे १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावरील लाये या खेड्यातला जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा गिटार घेऊन आगगाडीच्या रुळांच्या कडेने चालला होता. वाटेत त्याला लोखंडाचा एक खिळा की बोल्ट सापडला, तो तारेवर घासला गेला आणि एक लांबलचक, ओला सूर उमटला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतला तपशील कोणी जसाच्या तसा घ्यावा असा आमचा आग्रह नाही. भारतात जन्मलेल्या एका खलाशाने ही युक्ती तिथे आधीच नेली होती, अशीही एक दंतकथा आहे. पण केकुकूने शाळेच्या कारखान्यात पोलादाची गुळगुळीत कांडी घडवून या वादनाची पद्धत बसविली, हे श्रेय त्यालाच देतात. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला गाडीच्या रुळांवर आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी भटकले असतील. ती गाडी आता बंद पडली. रुळांवरचे खिळे आपणही वेचले, फक्त हातात गिटार नव्हते.

या वाद्याची रीत थोडक्यात सांगतो. साधे गिटार छातीशी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी पडद्यांवर तारा दाबतात. हवाई गिटार मांडीवर आडवे ठेवतात. तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात, म्हणजे त्या दाबावयाच्याच नसतात. डाव्या हातात पोलादाची कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. कांडी तारेवर नुसती टेकवून सरकवावयाची. तारा अशा मिळवितात की, मोकळ्या छेडल्या तरी षड्ज, गंधार, पंचम असा गोड मेळ कानी पडावा. ऐकताना वाटते की, हे काय, कोणीही करील! पण यात अडविणारा पडदा नाही, त्यामुळे सावरणाराही कोणी नाही. कांडी केसभर इकडे की सूर चढा, केसभर तिकडे की उतरला. व्हायोलिन वाजविणाऱ्याला हे दुःख माहीत आहे. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सारी वाट ऐकू येते. आपण तिलाच मींड म्हणतो. आपली विचित्रवीणा काचेच्या बट्ट्याने वाजवितात, दक्षिणेत गोट्टुवाद्यम् आहे. तेव्हा हे परदेशी वाद्य पहिल्यांदा आपल्या लोकांच्या कानी पडले तेव्हा ते परके वाटले नाही, यात नवल नव्हते.

आता आमच्या वादकाकडे येऊ. त्यांचे नाव ताऊ मोए. हिंदी बोलणाऱ्यांना या नावाने घरच्या वडील काकांची आठवण व्हावी. त्यांचा जन्म १९०८ साली सामोआ बेटावर झाला आणि लहानपणीच ते घरच्यांबरोबर हवाईत आले. वस्ती कुठे, तर त्याच लाये गावी, जिथे केकुकूला कांडीचा सूर सापडला होता! रोझ नावाची तिथलीच एक मुलगी गोड गात असे. एका फ्रेंच बाईंनी हवाईचे गाणे-नाचणे जगाला दाखविण्यासाठी एक संच उभा केला होता. त्यात रोझ होती, ताऊ होते आणि ताऊंचे तीन काका होते. ताऊ आणि रोझ यांचे लग्न झाले आणि १९२८ साली हा संच बोटीत बसून आशियाकडे निघाला. निघताना कोणी त्यांना सांगितले असते की, पुन्हा या गावी बिऱ्हाड करावयाला तुम्हांला पन्नासाहून अधिक वर्षे लागतील, तर ती विशीतली पोरे हसली असती.

१९२९ साली ती जपानात होती. तिथे त्यांनी टोकियोत काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच वर्षी जपानातच त्यांचा मुलगा लानी जन्मला. पुढे चीन, फिलिपाईन्स, हिंदुस्थान, इजिप्त, युरोप. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे. लानी चालू लागला तो जणू रंगमंचावरच. अगदी लहान वयात तो नाचू लागला आणि पुढे गिटार वाजवू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब आपल्या देशात, मुख्यतः कलकत्त्यात राहिले. मुलगी डोरियन हिचा जन्म भारतातला. म्हणजे बाप सामोआचा, आई हवाईची, मुलगा जपानात जन्मलेला, मुलगी हिंदुस्थानात, आणि घर? घर म्हणजे चार माणसे आणि दोन-तीन वाद्यांच्या पेट्या.

बंधुभगिनींनो, फिरत्या कलावंताचा संसार आपणांस नवा नाही. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी मुक्कामामागून मुक्काम केले. तमाशाचे फड आजही राहुट्यांतून राहतात. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी सांगतात की, खेळ रंगात असताना त्यांना कळा सुरू झाल्या, तंबूच्या मागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण ती सांगताना थोडी शरमही वाटली पाहिजे. त्या वेळी तंबूत बसलेले आपणच होतो ना?

मोए कुटुंबाला काय सोसावे लागले असेल, याचा विचार करताना आम्हांला कलकत्ता आठवते. १९४२ च्या डिसेंबरात त्या शहरावर जपानी बाँब पडले. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली; कित्येक जण कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेले. त्याच शहरातल्या मोठमोठ्या हॉटेलांतून परदेशी शिपाई आणि साहेब लोक वाद्यवृंद ऐकत होते. आत समुद्रकिनाऱ्याची गाणी आणि बाहेर पेजेसाठी हाका. वादकाने अशा वेळी काय करावे? वाद्य खाली ठेवावे, तर त्याच्या घरची चूल विझते. वाजवावे, तर कोणासाठी? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु कलेवर बोलताना तो प्रश्न टाळून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. दुष्काळ आपल्या जिल्ह्यालाही अनोळखी नाहीत. आणि त्या सालींही आपल्याकडे लग्नांत वाजंत्री वाजलीच.

ताऊंनी कलकत्त्यात केवळ वाजविले नाही, शिकविलेही. गार्नी निस नावाचे तिथले एक गिटारवादक त्यांच्या सहवासात तयार झाले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. हळूहळू हे वाद्य बंगालच्या घराघरांत शिरले आणि त्यावर रवींद्रसंगीत वाजू लागले. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या गिटारवरच्या तबकड्या काढल्या. त्या काळचा रेडिओ ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या कानांत तो सूर अजून असेल. मग ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर शुद्ध राग वाजविले. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका जगभर गेली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी त्यात आणखी तारा बसवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. लायेच्या रुळाकाठचा तो सूर अशा रीतीने आपल्या बैठकीत येऊन मांडी घालून बसला. त्यासाठी परदेशातून आलेली काही माणसे परक्या गावी बिऱ्हाड करून राहिली होती, हे मात्र आपण विसरलो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आमचे एक मामा होते. एका जिनिंगच्या कचेरीत कारकून. रेडिओवर गिटार ऐकून त्यांना त्याचे वेड लागले. पै-पै जमवून त्यांनी एक जुने गिटार आणले. कांडी कुठून आणावी? ती बाजारात मिळेना, तेव्हा ते लोहाराकडे गेले. लोहाराने पोलादाचा एक तुकडा तापवून, ठोकून, कानशीने घासून बोटाएवढा केला आणि पैसे विचारले तेव्हा म्हणाला, "वाजवून दाखवा, मंग पाहू." मामांनी ती कांडी महिनाभर राखेने आणि तेलाने घासली. पावसाळ्यात तिला गंज चढे, म्हणून ती तेलाच्या चिंधीत गुंडाळून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवीत. आजीला ते पटत नसे. एकदा ती म्हणाली, "बापू, या तारायनं चूल पेटते का रे?" मामा म्हणाले, "चूल पगारानं पेटते माय. ते मी पाहीन." आणि त्यांनी ते पाहिले. दिवसा कचेरी आणि लग्नसराईत रात्री ऑर्केस्ट्रा.

आम्ही मुले त्यांच्या वादनावर लुब्ध होतो. पहाटे ते सायकलवर गिटार बांधून परत येत आणि आम्ही अंथरुणातून विचारीत, "मामा, काल काय वाजवलं?" घरात आणखी एक माणूस जागे असे, हे मात्र आमच्या ध्यानातही येत नसे. मामी दिव्याची वात बारीक करून बसून राहत. मामांना जेवण वाढून मगच त्या आडव्या होत, आणि लगेच उठण्याची वेळ होई. मुले वाढली, खर्च वाढला, ऑर्केस्ट्राचे जमेना. मामांनी गिटार खुंटीला लावले. नातेवाइकांनी सुस्कारा सोडला, पोरगा मार्गाला लागला म्हणून. पुढे वीस वर्षे ते गिटार खुंटीवर होते. मामा गेले. तेराव्यानंतर आम्ही मामींजवळ बसलो होतो. आम्ही सहज म्हणालो, "मामी, तुम्हांला त्या वाजवण्याचा फार त्रास झाला, नाही?" त्या म्हणाल्या, "मले वाजवता नाही ये, पण बेसूर झालं तं समजे. त्याईनं मले कधी इचारलंच नाही."

या एका वाक्याने आम्हांला ताऊ मोए यांच्या संसाराकडे नव्याने पाहावयाला लावले. तोवर आम्ही त्यांच्याकडे वादक म्हणून पाहत होतो. त्या वादकाच्या शेजारी त्याची बायको पन्नास वर्षे उभी राहून गात होती, हे आम्ही वाचले होते, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. आपल्याकडे कलावंताचे दोनच प्रकार आपण मानतो. एक, कलेसाठी घर सोडणारा; दुसरा, घरासाठी कला सोडणारा. पहिल्याचे आपण पुतळे करतो, दुसऱ्याला शहाणा म्हणतो. दोघांच्याही घरी कोणीतरी दिवा बारीक करून बसलेले असते. तिसरा एक मार्ग असतो, तो म्हणजे घरालाच सुरात घेणे. तो सोपा आहे, असे आम्ही म्हणत नाही. मोए कुटुंबातल्या मुलांना एक गाव, एक शाळा, एक अंगण मिळाले नाही. लहान मुलाला रंगमंचावर उभे करावे की नाही, याविषयी दोन मते असू शकतात. शिवाय परदेशी प्रेक्षकांना हवाई हवी असे ती झावळ्यांची आणि फुलांच्या माळांची. आपली दुःखे बाजूला ठेवून तीच ती रोज नटवून दाखवावी लागे. त्या बेटांची राणी १८९३ साली पदच्युत झाली, १८९८ साली बेटे अमेरिकेने घेतली, शाळांतून त्यांची भाषा १८९६ साली काढून टाकली गेली. हे ऐकावयाला तिकीट काढून कोण येणार? शहरच्या हौशी लोकांसमोर लावणी सादर करणाऱ्या बाईला हे कोडे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही या संसाराचा शेवट पाहण्यासारखा आहे. १९८० च्या सुमारास ही मंडळी लायेला परतली. दरम्यान सारे बदलले होते. १९५९ साली हवाई अमेरिकेचे राज्य झाले होते. विमाने भरभरून प्रवासी येत होते. हवाई भाषा बोलणारी मुले शोधावी लागत होती. त्या सुमारास बॉब ब्रोझमन नावाचा एक तरुण अमेरिकन गिटारवादक जुन्या तबकड्या वेडाने गोळा करीत असे. १९२९ च्या टोकियोतल्या त्या गाण्यांवर त्याचा जीव होता. एके दिवशी त्याला हवाईहून पत्र आले. लिहिणारे वृद्ध गृहस्थ ताऊ मोए होते. त्या तबकड्या वाजविणाऱ्यांपैकी ते स्वतः! तो तरुण लायेला गेला. आणि १९८९ साली, पहिल्या मुद्रणानंतर साठ वर्षांनी, ऐंशीच्या घरातल्या ताऊ आणि रोझ यांनी, मुलगा लानी आणि मुलगी डोरियन यांना बरोबर घेऊन, तीच तरुणपणची गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली.

नवल असे की, बेटावरच राहिलेल्यांचे गाणे काळाबरोबर बदलले होते आणि गाव सोडून गेलेल्यांच्या गळ्यात ते जुन्या वळणाचे राहिले होते. मॉरिशसला गेलेल्या आपल्या मराठी माणसांनी झाकरी अशीच सांभाळली. दूर गेलेला माणूस गावाचे जे रूप बरोबर नेतो, ते गावाने मागाहून बदलले तरी त्याच्यापाशी तसेच राहते. म्हणून बाहेरगावी गेलेल्यांना 'हे परके झाले' म्हणून मोडीत काढण्याची घाई करू नये. कधी कधी आपलीच हरवलेली वस्तू त्यांच्या ट्रंकेत निघते.

ताऊ मोए २००४ साली वारले. वय पंचाण्णव. रोझ त्यांच्या आधी काही वर्षे गेल्या आणि लानीही वडिलांच्या आधीच गेला. साऱ्या जगात फिरलेले ते वाद्य शेवटी जिथून निघाले त्या गावी परतले, इतके समाधान.

आणि आमच्या मामांची कांडी? ती मामींनी आम्हांस दिली. तेलाच्या चिंधीत होती, गंजाचा एक ठिपका नव्हता. वीस वर्षे गिटार खुंटीवर होते, पण कांडी मामींनी प्रत्येक पावसाळ्यात पुसून ठेवली होती. आम्हांला वाजविता येत नाही. परंतु ती हाती घेतली की मामींचे वाक्य आठवते.

आपल्या गावात भजनी मंडळे आहेत, दंडारीत नाचणारे आहेत, पेटी-तबला शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या आईबापांनी "याने पोट भरते काय?" हा प्रश्न जरूर विचारावा. तो वाईट प्रश्न नाही. मामांनाही त्याचे उत्तर द्यावे लागले. पण वाजविणाऱ्यानेही घरी आल्यावर एक प्रश्न विचारावा. ज्या माणसाने आपल्यासाठी दिवा जागता ठेवला, त्याला विचारावे, "आजचं कसं झालं? कुठं बेसूर झालं का?" उत्तर ऐकावयाला बसावे. कदाचित त्या घरातही एक कान साठ वर्षे तयार बसलेला असेल.